विश्लेषण : अख्खी बैठक, माइक एकच, तो ठेवायचा कुठे?

गायक, तबलावादक, संवादिनीवादक आणि मागे तंबोरा असे चौघे बैठकीला बसले की हल्ली प्रत्येकासमोर स्वतंत्र माइक लागतो. तबल्याला तर बहुतेक वेळा दोन. ध्वनिमुद्रण झाल्यावर प्रत्येकाचा आवाज कमी-जास्त करून गाणे जुळवले जाते. याउलट काही ध्वनिमुद्रक अशा मैफलीसमोर एकच माइक उभा करतात. तो असतो स्टिरिओ रिबन मायक्रोफोन. यात सगळे आवाज एकत्रच मुद्रित होत असल्याने नंतर तबला खाली घेता येत नाही की गायकाला पुढे आणता येत नाही. माइकची जागा चुकली, तर ज्येष्ठ कलावंताची पुन्हा न होणारी मैफलही हातची जाते. ही जागा कशी ठरवायची, त्यामागचे विज्ञान काय आणि मोबाइलवर गाणे ऐकणाऱ्यांशी त्याचा काय संबंध, याविषयी.

रिबन मायक्रोफोन म्हणजे काय?

या माइकमध्ये शक्तिशाली चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये ॲल्युमिनियमची अतिशय पातळ, चुण्या पाडलेली पट्टी टांगलेली असते. तीच रिबन. तिची जाडी साधारण दोन मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाच्या कित्येक पट कमी. आवाजाची लहर आली की पट्टी हलते. चुंबकीय क्षेत्रात हलल्यामुळे तिच्यातच सूक्ष्म वीज निर्माण होते आणि ट्रान्सफॉर्मरमधून पुढे जाते.

पट्टीच्या पुढून आणि मागून हवा मोकळी असते. त्यामुळे समोरचा आवाज जितका येतो, तितकाच मागचाही येतो. अगदी बाजूने आलेला आवाज मात्र पट्टीच्या दोन्ही अंगांवर सारखाच दाब देतो, म्हणून पट्टी हलतच नाही. हा माइक कोणत्या दिशेचा आवाज किती घेतो, याची आकृती काढली तर ती इंग्रजी आठच्या आकड्यासारखी दिसते. म्हणून या गुणधर्माला ‘फिगर ऑफ एट’ म्हणतात.

जर्मनीत वॉल्टर शॉटकी आणि एर्विन गेर्लाख यांनी १९२०च्या दशकात या तंत्राचा पाया घातला. अमेरिकेत आरसीए कंपनीतील हॅरी ओल्सन यांनी १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला ते व्यवहारात आणले. जुन्या छायाचित्रांत गायकांसमोर दिसणारा, औषधाच्या कॅप्सूलसारखा मोठा माइक हा बहुधा याच घराण्यातला असतो. बीबीसीने १९५०च्या दशकात विकसित केलेला ‘४०३८’ हा रिबन माइक आजही तयार होतो. पुढे कंडेन्सर माइक आले आणि रिबन मागे पडली. पण डिजिटल ध्वनिमुद्रणात वरचे स्वर अनेकांना टोचू लागले, तेव्हा १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून तिला पुन्हा मागणी आली. रिबनचा आवाज वरच्या टोकाला मवाळ असतो. टाळ, सनई, व्हायोलिन, पेटी यांचा तीक्ष्णपणा ती अंगावर येऊ देत नाही.

एका माइकमध्ये दोन रिबन कशासाठी?

एका रिबनने मोनो ध्वनिमुद्रण होते. स्टिरिओसाठी दोन लागतात. स्टिरिओ रिबन मायक्रोफोनच्या एकाच नळीत अशा दोन पट्ट्या एकीखाली एक बसवलेल्या असतात आणि त्यांची तोंडे एकमेकींशी ९० अंशांचा कोन करतात. एक डावीकडे ४५ अंशांवर पाहते, दुसरी उजवीकडे ४५ अंशांवर. अमेरिकेतील रॉयर कंपनीचा ‘एसएफ-१२’ आणि एईए कंपनीचा ‘आर८८’ हे याच प्रकारचे माइक आहेत.

ही मांडणी ॲलन ब्लुमलाइन या ब्रिटिश अभियंत्याची. ईएमआय कंपनीत काम करणाऱ्या ब्लुमलाइन यांनी डिसेंबर १९३१ मध्ये स्टिरिओ ध्वनीचे पेटंट मागितले. चित्रपटगृहात पडद्यावरचा नट एका टोकाला आणि त्याचा आवाज भलतीकडून, हे त्यांना खटकले आणि त्यातून ही कल्पना सुचली, असे सांगितले जाते. जानेवारी १९३४ मध्ये लंडनच्या ॲबे रोड स्टुडिओत थॉमस बीचम यांच्या संचालनाखाली लंडन फिलहार्मोनिक वाद्यवृंद मोझार्टची ‘ज्युपिटर’ सिंफनी वाजवत असताना त्यांनी स्टिरिओ ध्वनिमुद्रण केले. स्टिरिओ तबकड्या बाजारात येण्यापूर्वीच, १९४२ मध्ये, रडारच्या चाचणीदरम्यान झालेल्या विमान अपघातात त्यांचा मृत्यू झाला. दोन ‘आठ’ ९० अंशांत ठेवण्याच्या या पद्धतीला आजही ‘ब्लुमलाइन जोडी’ म्हणतात.

दोन्ही पट्ट्या जवळजवळ एकाच जागी असल्याने आवाज दोघींपर्यंत एकाच वेळी पोहोचतो. फरक पडतो तो फक्त आवाजाच्या जोरात. वाद्य डावीकडे असेल तर डावी पट्टी जास्त हलते आणि उजवी कमी. घरी दोन स्पीकरसमोर बसलेल्या श्रोत्याला ते वाद्य डावीकडे जाणवते, ते याच फरकामुळे.

माइकभोवतीचे चार भाग कोणते?

माइकची जागा ठरवण्याआधी त्याच्याभोवतीच्या जमिनीचे चार भाग मनात पाडावे लागतात. प्रत्येक भाग ९० अंशांचा.

समोरचा भाग सर्वात महत्त्वाचा. यात बसलेला कलाकार ध्वनिमुद्रणातही जिथल्या तिथे ऐकू येतो. मधोमध बसलेला गायक दोन्ही बाजूंना सारखा, तर ४५ अंशांवरचे वाद्य पूर्णपणे एका बाजूला. वाद्य या भागात कुठेही असले तरी दोन्ही बाजूंची मिळून एकूण ऊर्जा सारखीच राहते. म्हणून डावीकडून उजवीकडे आवाज सलग पसरलेला वाटतो, मध्ये खड्डा पडत नाही.

मागचा भागही समोरच्याइतकाच जोरकस आवाज घेतो, पण तिथे डावे-उजवे उलटते. मागे डावीकडे बसलेला माणूस ध्वनिमुद्रणात उजवीकडे ऐकू येतो.

डावा आणि उजवा हे उरलेले दोन भाग धोक्याचे. तिथून येणारा आवाज एका पट्टीला पुढून, तर दुसरीला मागून लागतो. त्यामुळे एका बाजूची लहर वर जात असताना दुसऱ्या बाजूची खाली जाते. याला ध्वनिमुद्रक ‘आउट ऑफ फेज’ म्हणतात. अशा आवाजाची जागा कानाला नीट सापडत नाही. तो डोक्याभोवती तरंगल्यासारखा वाटतो. सभागृहाचा घुमारा या भागातून आला तर चालते, त्याने भोवतालाचा भास वाढतो. मुख्य वाद्य मात्र तिथे कधीही नको.

अंतर किती ठेवावे?

यासाठी शाळेतली भूमिती पुरते. समोरचा भाग ९० अंशांचा असल्याने माइकपासून जितके अंतर, त्याच्या दुप्पट रुंदी त्यात मावते. दीड मीटर अंतरावर तीन मीटर, दोन मीटरवर चार मीटर. उलट बाजूने सांगायचे तर कलाकारांच्या रांगेच्या रुंदीच्या निम्मे, हे माइकचे किमान अंतर. प्रत्यक्षात त्याहून थोडे मागे सरकतात, कारण कडेचा वादक हलला-डुलला तरी तो धोक्याच्या भागात जाता कामा नये. तीन मीटर रुंद बैठकीसाठी दोन मीटर अंतर ठेवले तर कडेचा वादक सुमारे ३७ अंशांवर येतो. ही सुरुवातीची सुरक्षित जागा.

घरात चौरस फरशी असेल तर मोजमाप आणखी सोपे होते. फरशीच्या ज्या कोपऱ्यात चार सांधे मिळतात, तिथे माइक उभा करायचा आणि त्याचे तोंड फरशीच्या कर्णाच्या दिशेने ठेवायचे. त्या कोपऱ्यातून पुढे जाणारे दोन काटकोनी सांधे म्हणजे समोरच्या भागाच्या सीमा. सगळे कलाकार या दोन रेषांच्या आत बसले पाहिजेत.

अंतराचा दुसरा परिणाम स्वराच्या पोतावर होतो. ‘आठ’च्या आकृतीचे माइक जवळच्या आवाजाचा खर्ज फुगवतात. एक मीटरच्या आत आले की हा परिणाम स्पष्ट जाणवू लागतो आणि ३०-४० सेंटिमीटरवर डग्गा किंवा पखवाजाची धूम सगळ्यावर मात करते. बारीक आवाजाच्या गायिकेला थोडे जवळ घेतल्यास मात्र याच गुणाने तिच्या आवाजाला भरदारपणा येतो.

तिसरा परिणाम खोलीचा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केले की थेट येणारा आवाज सहा डेसिबलने घटतो. खोलीचा घुमारा मात्र जवळजवळ तेवढाच राहतो. म्हणजे माइक जितका मागे, तितकी खोली जास्त आणि कलाकार कमी. शिवाय रिबन माइक मागूनही ऐकतो, त्यामुळे साध्या माइकच्या तुलनेत खोलीचा अंश आधीच अधिक असतो. कानाला समोर बसून जे अंतर योग्य वाटते, त्याहून माइक थोडा पुढे ठेवावा लागतो, तो यामुळे.

उंची आणि कल यांनी काय फरक पडतो?

बराच. दोन्ही पट्ट्या उभ्या असल्याने थेट वरून आणि थेट खालून येणारा आवाज हा माइक जवळजवळ घेत नाही. कमी उंचीच्या छताखाली हा मोठा फायदा ठरतो. दुसरीकडे, मोठ्या रिबनच्या माइकमध्ये पट्टी उभी आणि लांब असल्यामुळे कलाकार तिच्या पातळीपेक्षा फार वर किंवा खाली असला, तर वरचे स्वर मंदावतात आणि आवाज झाकोळतो. माइक डावीकडे-उजवीकडे थोडा फिरला तर स्वराचा पोत फारसा बदलत नाही. वर-खाली झाला तर बदलतो.

मांडी घालून बसलेल्या गायकासाठी जमिनीपासून एक मीटरच्या आसपास उंची आणि किंचित पुढे झुकलेला माइक, ही चांगली सुरुवात. त्यामुळे मुख आणि तबल्याची पुडी दोन्ही पट्टीच्या टापूत येतात आणि गाताना तोंडातून निघणारा हवेचा झोत माइकच्या खालून निघून जातो. पेटीचे वरचे सूर टोचत असतील तर माइक काही सेंटिमीटर वर घेऊन पाहावा. इक्वलायझरचे बटण फिरवण्याआधी हा उपाय करून पाहण्यासारखा असतो.

बैठकीत कोणी कुठे बसावे?

हिंदुस्थानी बैठकीत साधारणपणे गायकाच्या उजव्या हाताला तबला आणि डाव्या हाताला पेटी असते. समोरच्या माइकच्या दृष्टीने तबला डावीकडे आणि पेटी उजवीकडे येते. श्रोत्यालाही बैठक अशीच दिसते, त्यामुळे मांडणी बदलण्याची गरज नसते. तंबोरा गायकाच्या मागे, समोरच्याच भागात राहतो.

समजा गायक माइकपासून १.८ मीटरवर आहे आणि दोन्ही साथीदार त्याच्या दोन्ही बाजूंना सव्वा मीटरवर बसले आहेत. साथीदारांचा कोन सुमारे ३५ अंश होतो. ध्वनिमुद्रण ऐकल्यावर तबला गायकीवर चढतो आहे, असे वाटले. अशा वेळी ध्वनिमुद्रकाच्या हातात तबल्याचे वेगळे बटण नसते, पण सतरंजी असते. गायकाला ५० सेंटिमीटर पुढे घेतले, म्हणजे अंतर १.८ वरून १.३ मीटर झाले, की त्याचा थेट आवाज जवळपास तीन डेसिबलने वाढतो. तबलावादकाला अर्धा मीटर मागे सरकवून किंवा तबल्याचे तोंड थोडे वळवूनही तोल साधतो. पेटी मोठी वाटत असेल तर तिचा एखादा सूर बंद करावा किंवा भाता हलक्या हाताने चालवावा.

इथे एक पथ्य आहे. गायक आणि तबलावादक यांची नजरानजर तुटता कामा नये. समेवर येताना दोघांना एकमेकांचा अंदाज लागतो तो डोळ्यांनी. माइकसाठी कलाकारांना इतके लांब-लांब बसवले की गाणेच बिघडले, तर उत्तम तोल साधूनही उपयोग नाही. म्हणून आधी कलाकारांना त्यांच्या सोयीने बसू द्यावे आणि माइक हलवून जेवढे जमेल तेवढे जमवावे. माणसे सरकवायची ती त्यानंतर, आणि तीही वितीवितीने.

एकच वाद्य असेल तर?

एकाच वाद्यासाठी अंतर कमी करता येते, पण फार नाही. दोन पट्ट्या वर-खाली असल्याने वाद्य अगदी जवळ असले की दोघींना वेगवेगळे काहीतरी ऐकू येते आणि चित्र विस्कटते. शिवाय वादकाची छोटी हालचालही मोठी होऊन ऐकू येते.

गिटारसाठी माइक मधल्या छिद्रासमोर नव्हे, तर दांडा जिथे पेटीला मिळतो त्या भागासमोर साधारण ५० ते ६० सेंटिमीटरवर ठेवून सुरुवात करतात. छिद्रातून खर्जाचा लोट येतो आणि रिबन तो आणखी फुगवते. सतारीला थोडे जास्त, ७५ सेंटिमीटर ते एक मीटर अंतर लागते, कारण तिचा आवाज भोपळा, तबली आणि तरफा अशा अनेक ठिकाणांहून येऊन हवेत एकजीव होतो. त्यातला एकच भाग जवळून टिपला तर सतार ओळखीची वाटत नाही.

तबला सोलोसाठी माइक वादकासमोर, थोडा वरून, ७५ सेंटिमीटरच्या आसपास ठेवल्यास तबला एका बाजूला आणि डग्गा दुसऱ्या बाजूला स्वच्छ मिळतो. बासरीच्या मुखरंध्रासमोर माइक कधीही नको. फुंकेचा झोत पट्टीला ताणतो. तो बाजूने किंवा वरून, झोताच्या वाटेबाहेर ठेवावा. पेटीच्या भात्याच्या अगदी जवळही रिबन नेऊ नये.

भजनी मंडळ किंवा समूहगान असेल तर?

या माइकची मागची बाजू इथे कामाला येते. रेडिओ नाटकांच्या जमान्यात रिबन माइकच्या दोन्ही बाजूंना नट समोरासमोर उभे राहून संवाद म्हणत. तेच तत्त्व वापरून बारा-पंधरा जणांच्या मंडळाचे दोन अर्धवर्तुळे करता येतात. निम्मे समोरच्या भागात, निम्मे मागच्या भागात, मध्ये माइक. डावी आणि उजवी बाजू पूर्ण मोकळी. वरून पाहिले तर मांडणी डमरूसारखी दिसते. सगळे एकमेकांकडे तोंड करून गातात, त्यामुळे लय सुटत नाही.

माइकभोवती पूर्ण गोल करून बसणे मात्र टाळावे. गोलात बसलेल्यांपैकी निम्मे धोक्याच्या भागात जातात. टाळकऱ्यांना मागच्या ओळीत, पखवाजाला अर्धवर्तुळाच्या टोकापासून थोडे आत आणि मुख्य गायकाला मधोमध एक पाऊल पुढे ठेवल्यास शब्द टाळांखाली दबत नाहीत. दगडी मंदिरात घुमारा मोठा असतो. तिथे अंतर आणखी कमी करून गायकांना जवळजवळ घ्यावे लागते.

खोली साधीच असेल तर?

हा माइक खोली लपवत नाही, हीच त्याची अडचण. माइकच्या मागे एक मीटरवर उघडी भिंत असेल तर तिच्यावर आदळून परतणाऱ्या आवाजाला दोन मीटर जादा चालावे लागते. तो सुमारे सहा मिलिसेकंद उशिरा पोहोचतो आणि मूळ आवाजात मिसळून काही स्वर पुसतो, काही वाढवतो. गाणे डब्यात चालल्यासारखे वाटते, ते यामुळे.

उपाय घरगुती आहेत. माइकच्या मागे शक्य तितकी मोकळी जागा सोडावी. ते शक्य नसेल तर मागच्या भिंतीला गोधड्या, रजया, गाद्या लावाव्यात किंवा पुस्तकांनी भरलेल्या कपाटाकडे माइकची पाठ करावी. बाजूच्या भिंती दोन्हीकडे सारख्या अंतरावर येणार नाहीत, असे पाहावे. छताचा पंखा मात्र बंदच हवा. त्याची हवा लागताच रिबन घरघरते. वातानुकूलन यंत्राचा झोतही चालत नाही.

मोबाइलवर वाद्य गायब का होते?

स्टिरिओत सुंदर ऐकू आलेले वाद्य फोनवर अचानक मागे जाते किंवा नाहीसे होते, हा अनुभव ध्वनिमुद्रकांना नवा नाही. एका स्पीकरच्या फोनवर किंवा छोट्या ब्लूटूथ स्पीकरवर डावी आणि उजवी बाजू एकत्र करून वाजवली जाते, म्हणजेच मोनो होते. समोरच्या भागातले आवाज तेव्हा टिकून राहतात. मधला गायक ठळक होतो आणि ४५ अंशांवरचे वाद्य त्याच्या तुलनेत सुमारे तीन डेसिबल मागे पडते. बाजूच्या भागातला आवाज मात्र एका बाजूला अधिक आणि दुसऱ्या बाजूला उणे असतो. बेरीज केली की दोन्ही एकमेकांना खोडतात. नेमका ९० अंशांवर बसलेला वादक मोनोत जवळजवळ ऐकूच येत नाही.

आज बहुतांश गाणे फोनवरच ऐकले जात असल्याने ही चाचणी मैफल सुरू होण्यापूर्वीच करावी लागते. पद्धत सोपी आहे. एकाने माइकसमोर अर्धवर्तुळात डावीकडून उजवीकडे चालत मोठ्याने आकडे म्हणायचे आणि दुसऱ्याने हेडफोन लावून ऐकायचे. ब्लुमलाइन यांनीही आपल्या प्रयोगांत माणसांना चालत बोलायला लावले होते. आवाज सलग सरकत गेला पाहिजे. जिथे तो पसरट, विचित्र वाटू लागतो, तिथे खडूने खूण करावी. त्या खुणेपलीकडे कोणी बसायचे नाही. मग ध्वनिमुद्रणाचे यंत्र मोनोवर टाकून तेच पुन्हा ऐकावे. चालणाऱ्याचा आवाज मधोमध असतानाही मोनोत नाहीसा होत असेल तर एका वायरीची जोडणी उलटी आहे, असे समजावे.

माइक जपायचा कसा?

रिबनला मोठा आवाज सोसतो, वारा सोसत नाही. ‘हॅलो, चेक’ म्हणत माइकवर फुंकर मारण्याची किंवा टिचकी देण्याची सवय इथे महागात पडते. माइक हलवताना त्यावर कापडी पिशवी घालावी आणि ठेवताना तो उभाच ठेवावा, नाही तर पट्टी स्वतःच्या वजनाने ओघळते. आतल्या चुंबकाला लोखंडाचा कीस चिकटतो, म्हणून तो वेल्डिंग किंवा सुतारकामाच्या जागी उघडा ठेवू नये.

बहुतेक स्टिरिओ रिबन माइकना पाच पिनांची वायर लागते आणि ती पुढे डाव्या-उजव्या अशा दोन वायरींत फुटते. त्यांवर आधीच खूण केलेली बरी. कंडेन्सर माइकला लागणारी ४८ व्होल्टची ‘फँटम पॉवर’ साध्या रिबनसाठी बंद ठेवावी. वायर निर्दोष असेल तर सहसा काही होत नाही, पण सदोष वायरीतून तो प्रवाह पट्टीपर्यंत पोहोचून तिला ताणू शकतो. काही नव्या ‘ॲक्टिव्ह’ रिबन माइकना मात्र ही वीज लागतेच, म्हणून माहितीपत्रक वाचणे आवश्यक. साध्या रिबनचा संदेश क्षीण असतो. एकट्या तंबोऱ्यासारख्या हळू आवाजासाठी ६० डेसिबल किंवा त्याहून अधिक वर्धन लागते. स्वस्त यंत्रात तेवढे वाढवले की ‘सूं’ असा आवाजही वाढतो. म्हणून चांगला प्रीॲम्प्लिफायर हा या माइकच्या खर्चातच धरावा लागतो.

मग एवढा खटाटोप कशासाठी?

या पद्धतीला मर्यादा आहेत. गायकाची एक तान चुकली तर तेवढीच दुरुस्त करता येत नाही, कारण तिच्यासोबत तबला आणि पेटीही मुद्रित झालेली असते. चित्रपटसंगीतासारख्या, थराथराने रचल्या जाणाऱ्या कामासाठी ती उपयोगाची नाही. रहदारीच्या रस्त्यालगतच्या खोलीतही ती टिकत नाही. नामांकित कंपन्यांच्या अशा माइकची किंमत एक लाख रुपयांच्या पुढे जाते. ‘आठ’च्या आकृतीचे दोन साधे माइक एकावर एक ठेवून तीच मांडणी करता येते, पण कोन आणि पातळी दर वेळी जुळवावी लागते.

तरीही ती टिकून आहे, कारण कलाकारांनी एकमेकांना ऐकत साधलेला तोल तिच्यात जसाच्या तसा उतरतो. याचे भारतीय संगीताशी थेट नाते सांगणारे उदाहरण म्हणजे ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’. पंडित विश्वमोहन भट्ट यांची मोहनवीणा आणि अमेरिकी वादक राय कूडर यांची गिटार यांचे हे ध्वनिमुद्रण १९९२ मध्ये कॅलिफोर्नियातील सांता बार्बरा येथील एका चॅपलमध्ये, तालमीशिवाय झाले. तबल्यावर सुखविंदरसिंग नामधारी आणि डुंबेकवर जोआकिम कूडर होते. वॉटर लिली अकूस्टिक्सचे कवी अलेक्झांडर यांनी त्यासाठी ब्लुमलाइन जोडीच वापरली. ते माइक रिबनचे नव्हते, खास बनवून घेतलेले व्हॉल्व्हचे होते. मांडणी मात्र तीच, दोन ‘आठ’ आणि ९० अंश. या अल्बमला १९९४ मध्ये ग्रॅमी पुरस्कार मिळाला.

महाराष्ट्रात घरोघरी आणि देवळोदेवळी बैठकी, कीर्तने, भजने होतात आणि त्यांतील बरीचशी फोनवर कशीबशी टिपली जातात. महागडा माइक प्रत्येकाला परवडणार नाही. पण कलाकारांना माइकच्या समोरच्या भागात ठेवणे, रुंदीच्या निम्म्याहून अधिक अंतर राखणे, माइकच्या मागची भिंत झाकणे, पंखा बंद करणे आणि सुरुवातीला दोन मिनिटे मुद्रित करून मोनोत ऐकून पाहणे, या गोष्टींना खर्च नाही. कोणत्याही स्टिरिओ माइकला त्या कमी-अधिक लागू पडतात. ती दोन मिनिटे ऐकून झाल्यावर जे हलवायचे ते हलवता येते. भैरवी झाल्यानंतर ते शक्य नसते.